बिर्रचा भाव

त्या रविवारी योगेंद्रने फोनवर आधी मी गोळी घेतली का ते विचारलं, मग स्वातीच्या पगाराचं विचारलं, मग पावसाचं. एवढं सगळं तो एका दमात कधी विचारत नाही. मी म्हटलं, "आता खरं काय ते सांग."

"काही नही, माय," तो म्हणाला. "इथे सगळे बोलताहेत की सरकार बिर्र पाडणार."

योगेंद्र माझा एकुलता एक मुलगा. लॉकडाउननंतर इथले, सुरतेतले माग बंद पडले तेव्हा तो इथिओपियाला गेला. तिथे एका कापड गिरणीत तो मास्तर आहे. माग बिघडला की दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. बिर्र हा तिथला रुपया. गिरणीचा मालक मूळ काठियावाडचा, त्यामुळे तिथेही सगळे त्याला सेठच म्हणतात. तीन वर्षांचा करार होता आणि तो जुलैअखेर संपत होता. म्हणजे दहा दिवस उरले होते. श्रावणात कानबाईच्या सणाला योगेंद्र घरी येणार होता आणि पुन्हा जाणार नव्हता. सुरतेतच दिंडोलीत एका खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, चार माग विकायला काढले होते, त्याची बोलणी माझ्या सुनेने, रंजनाने, इथून करून ठेवली होती. जन्मभर दुसऱ्यांचे माग दुरुस्त केल्यावर आता स्वतःचे चार घ्यायचे, एवढंच त्याच्या मनात होतं.

"पाडणार म्हणजे?" रंजनाने लांबूनच विचारलं. ती साडीवर खडे चिकटवत होती. गठ्ठा दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता.

स्वातीने, माझ्या नातीने, फोन माझ्या हातातून घेतला. ती पर्वत पाटियाजवळच्या मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात हिशेबाला बसते. "मम्मी, आज तिकडे सत्तावन्न बिर्र दिले की एक डॉलर मिळतो. सरकारने पाडला तर शंभर द्यावे लागतील. म्हणजे पप्पांची तीन वर्षं पावणेदोन होणार."

रंजनाने हातातला खडा परत वाटीत टाकला.

हे असं का, ते सांगायला हवं. मागावरचा माणूस आमच्याकडे सगळा पगार उचलत नाही. पंधरवड्याला खर्ची घेतो, बाकीचा सेठकडे जमा राहू देतो, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाहीतर दिवाळीला गावी जाताना एकरकमी घेतो. माझ्या मालकांनी, योगेंद्रच्या वडिलांनी, जन्मभर असंच केलं. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला तेव्हा आम्ही एक पिशवी घेऊन रात्रीच्या गाडीत शिरलो आणि गावाकडे अमळनेरला उतरलो. खोलीला कुलूपसुद्धा घातलं नव्हतं. महिनाभराने परतलो तर खोलीतली भांडी गेली होती, पण सेठकडची जमा जशीच्या तशी होती. सेठने ह्यांना समोर बसवून चहा पाजला आणि पैसे मोजून दिले. योगेंद्र तेव्हा अठरा वर्षांचा होता, दाराशी उभा होता. घरातला पैसा जाईल, सेठकडचा जाणार नाही, हे त्याच्या मनात तेव्हा बसलं ते कायमचं. इथिओपियातही त्याने तेच केलं. खर्ची घेतली, बाकी जमा ठेवलं.

त्या पद्धतीचं एक बंधनही आहे. करार संपायच्या आधी, सण नसताना, जमा मागितली तर सेठ काय समजायचं ते समजतो. माणूस चालला. मग त्याला कुणी थांब म्हणत नाही आणि पुन्हा कधी ये म्हणत नाही.

गिरणीचा माल बाहेरच्या देशांत जातो, म्हणून सेठच्या हाती डॉलर असत. जाणाऱ्या माणसाचा हिशेब तो त्या दिवशीच्या सरकारी भावाने डॉलरमध्ये करून देई. तेव्हा योगेंद्रला दोन वाटा होत्या. आजच जमा मागितली तर सत्तावन्नने मिळणार होती, पण बोनस नाही, विमानाचं तिकीट नाही आणि पुढे कधी गरज पडली तर तिथलं दार बंद. महिनाअखेरपर्यंत थांबला तर सगळं मिळणार होतं, पण तोवर बिर्र उभा राहिला तरच.

"सेठ काय म्हणतो?" मी विचारलं.

"सेठ म्हणतो अफवा शे. दरवर्षी उठते."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी माग दुरुस्त करतो, माय. मला काय कळतं."

दुसऱ्या दिवशी भटूभाऊ आले. ते माझ्या मालकांचे चुलतभाऊ, नवागाममध्येच मागच्या गल्लीत राहतात. कानबाईची तयारी त्यांच्याकडे असते, कारण आमच्या भाऊबंदांत आता तेच मोठे. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा असतो, म्हणून ते नावं विचारायला आले होते. पण बसले ते बिर्रवरच.

"वहिनी, सरकार कधी सांगून नाणं पाडतं का? चोर कडी वाजवून आत येतो का?"

"तुम्हाला काय माहीत इथिओपियाचं?"

"इथिओपियाचं काही माहीत नाही. सरकारचं माहीत आहे. जे म्हणतंय की नाही पाडणार, ते पाडणार."

स्वाती कामावर निघता निघता म्हणाली, "भटूआजोबा, तुम्ही तर व्हॉट्सॲपवर रोज जगबुडी पाठवता. शुक्रवारी समुद्र चढणार होता, तेनुं शुं थयुं?"

"चढेल, चढेल. तू जा, तुझी रिक्षा चुकेल."

पण ती गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "सहासष्टचं आठवतं ना, वहिनी?"

आठवत नसेल कसं. माझं लग्न आखाजीच्या आसपास झालं आणि जूनच्या सुरुवातीला मी कतारगामच्या खोलीत आले. सोळा वर्षांची होते. सुरतेत आल्याला आठवडाही झाला नव्हता. तेव्हा इथले बरेच माग बाहेरून येणाऱ्या रेशमासारख्या सुतावर चालत. महिनाभर सगळे सांगत होते की रुपया आहे तिथेच राहणार, आणि एका रविवारी रात्री रेडिओवर आलं की रुपया उतरवला. पावणेपाच रुपयांचा डॉलर एका रात्रीत साडेसातचा झाला. सोमवारी सकाळी सुताच्या दुकानदारांनी शटर खाली ओढलं. कालपर्यंत ओट्यावर रचलेलं सूत एकदम कुठे गेलं कोणी सांगेना. सूत नाही म्हणून माग थांबले, माग थांबले म्हणून ह्यांना घरी पाठवलं.

आणि मला तेव्हा आनंद झाला होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नवरा दिवसभर घरी होता. सासूबाई गावी होत्या, खोलीत आम्ही दोघंच. ह्यांनी मला होप पूल दाखवला, तापीचं पाणी दाखवलं, पुलावरून चालताना नानखटाईचा पुडा घेऊन दिला. मी खात होते आणि ते काहीच खात नव्हते. मला वाटलं, ह्यांना गोड आवडत नसेल. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की खोलीचं भाडं कुठून द्यायचं ह्याचा ते त्या पुलावर विचार करत होते. इतक्या वर्षांनीसुद्धा 'अवमूल्यन' हा शब्द कुणी उच्चारला की मला आधी वेलचीचा वास येतो आणि मग ते भाडं आठवतं.

भटूभाऊंना मी म्हटलं, "सहासष्टला पडला ते खरं. पण प्लेगच्या वेळी काय झालं? निम्मं सुरत पळालं. आपणही पळालो. मेले किती? पळून आपण भांडी गमावली."

"मग थांबावं म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही."

तीच तर अडचण होती. मी इतकं पाहिलंय की माझ्याजवळ दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. अफवा खरी ठरलेली पाहिली, खोटी ठरलेली पाहिली, आणि दोन्ही वेळा आधी सारखंच वाटतं. शिवाय माझ्या मनात एक लबाडी होती. त्याने आज जमा मागितली तर तो आठवडा लवकर घरी येईल, एवढंच मला दिसत होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने मुलाला पैशाचा सल्ला द्यावा तर तो कितपत पैशाचा असतो?

त्या आठवड्यात खाडीला पूर आला. पर्वत पाटियाकडच्या रस्त्यांवर पाणी चढलं, मार्केट अर्धं बंद. स्वाती दोन दिवस घरीच होती आणि सगळा वेळ फोनवर इथिओपिया शोधत होती. एकीकडे लिहिलेलं असे की परदेशी कर्ज हवं तर नाण्याचा भाव मोकळा सोडावाच लागेल. दुसरीकडे लिहिलेलं असे की इतक्यात नाही. ती वाचून दाखवायची, रंजना ऐकायची आणि खडे वाकडे चिकटवायची. गठ्ठ्यातल्या सहा साड्या दलालाने परत पाठवल्या.

"मम्मी, ध्यान आप ना," स्वाती म्हणाली.

"देतेय. तू तुझं ते बंद कर. रोज सतरा वेळा बघून भाव बदलतो का?"

"बदललाय का ते बघते, मम्मी. बदलायला नाही बघत."

योगेंद्र रोज फोन करत होता, पण बोलणं तुटक. मागे गिरणीचा आवाज. एकदा म्हणाला, बरोबरच्या मास्तराने, भिकनने, जमा मागितली. भिकन शिरपूरकडचा, ह्याच्याच खोलीत राहायचा. सेठने काही विचारलं नाही, हिशेब केला, डॉलर दिले. दुसऱ्या दिवशी भिकनच्या मागांवर नवा माणूस उभा होता.

"सेठ चिडला?" मी विचारलं.

"चिडला असता तर बरं. माझ्याकडे बघून फक्त म्हणाला, योगेंद्र, तू तर आहेस ना."

"मग तू काय म्हणालास?"

"हा म्हटलं. काय म्हणू?"

शुक्रवारी संध्याकाळी त्याने सरळच विचारलं. "माय, तू सांग. मागू का थांबू?"

फोन मधे ठेवला होता, तिघी भोवती बसलो होतो. मी रंजनाकडे बघितलं. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मी म्हटलं, "बोनस गेला तर गेला. तिकीट आपण काढू. माग."

"सेठला काय सांगू?"

"माय आजारी आहे म्हणून सांग."

"तू बरी शेस ना?"

"बरी आहे रे. पण एवढं खोटं चालतं."

तो हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. म्हणाला, सेठ राजधानीला गेलाय, उद्या दुपारी येतो, आला की लगेच मागतो. फोन बंद झाल्यावर रंजना उठली आणि तिने चहा केला. जेवणाआधी चहा आमच्याकडे कोणी पीत नाही. पण त्या दिवशी सगळ्यांनी घेतला. एकदा ठरलं की भीतीसुद्धा जरा खाली बसते.

शनिवारी सकाळपासून वाट बघत होतो. दुपारी फोन नाही. स्वाती कामावरून आली तरी नाही. संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला, उदबत्ती संपली, तेव्हा फोन आला.

"मागितलेस का?" स्वातीने पहिल्यांदा तेच विचारलं.

"सोमवारी मागतो," योगेंद्र म्हणाला.

"का?"

तो सांगायला लागला. सेठ उशिरा आला. तिकडेही पावसाळा, त्यात ढग इतके उतरलेले की दिवस असून अंधार. सेठ येताच केबिनमध्ये फोनवर बसला. योगेंद्र बाहेर उभा राहिला. फोन संपला, आत बोलावलं, हा आत गेला, तर सेठ लक्ष्मीच्या फोटोपुढे दिवा लावत होता. काडी ओढली, वात लावली, हात जोडले. ह्यानेही जोडले. आणि तोंडापर्यंत आलेला शब्द ह्याने गिळला. दिवा लागल्यावर कुणाच्या घरातली लक्ष्मी बाहेर मागायची नसते. आमच्यात नाही मागत, सेठच्या लोकांतही नाही मागत. सेठने विचारलं, बोल योगेंद्र. हा म्हणाला, काही नाही, आठ नंबरचा माग बघायचा होता, जय श्रीकृष्ण. आणि बाहेर आला.

"पप्पा," स्वाती म्हणाली, "ऑफिसमध्ये दिवा लावला म्हणून? ऑफिस छे, मंदिर नथी."

"तुला नाही कळणार, बेटा. तोंड नाही उघडलं."

"मग उद्या जा."

"उद्या रविवार. ऑफिस बंद. घरी जाऊन पैसे मागायचे का माणसाला? एक दिवसाने काय होतं. सोमवारी पहिला मीच आत जातो."

स्वातीने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं म्हणून. पण त्याने केलं ते मला आणि रंजनाला चूक वाटलंच नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हात जोडून बाहेर आले असते. ह्यांनी उभ्या जन्मात दिवेलागणीनंतर सेठच्या दारात पाय ठेवला नाही, घरात काही नसलं तरी. लहानपणी योगेंद्र संध्याकाळी शेजारी साखर मागायला निघाला की मीच त्याला दारातून मागे ओढायची.

रविवार कसा गेला ते आठवत नाही. एवढं आठवतं की भटूभाऊ पुन्हा नावं विचारायला आले आणि म्हणाले, "योगेंद्रचं धरू ना?" रंजना म्हणाली, "धरा. तोवर येतीलच." कानबाईला घरचा पुरुष परगावी असला तरी त्याची मूठ घेतातच, तरी भटूभाऊंनी विचारलं आणि तिने उत्तर दिलं.

सोमवारी सकाळी स्वाती दुकानात पोचली आणि तासाभरात तिचा फोन आला. मला नाही, रंजनाला. रंजनाने ऐकलं, फोन माझ्याकडे दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडला. भांडी घासलेलीच होती.

"आजी," स्वाती म्हणाली, "सोडला त्यांनी. आजपासून सरकार भाव धरणार नाही. बाजारात जो ठरेल तो."

"पप्पाने मागितले का?"

"तिकडे आत्ता उजाडलंय, आजी. ऑफिस उघडायचंय."

तिकडची घड्याळं आपल्या मागे चालतात. मला वाटलं, आपल्याला बातमी आधी कळली, सेठला कळायच्या आत योगेंद्र पोचला तर? मी स्वातीला म्हटलं, त्याला फोन लाव. तिने लावला, लागेना. मी माझ्या फोनवरून लावला. एक बाई तिकडच्या भाषेत काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा तेच. मी तिचं ऐकत राहिले, जशी काही ती थोड्या वेळाने समजेल असं बोलणार होती.

दुपारी त्याचा फोन आला. तो पहिलाच आत गेला होता. सेठ दोन फोन दोन कानांना लावून बसला होता. ह्याने सांगितलं, माय आजारी आहे, जमा हवी. सेठने एक फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "योगेंद्र, जमा तुझी आहे. पण आज भाव काय ते मलाच माहीत नाही."

त्या दिवशी संध्याकाळी डॉलरला चौऱ्याहत्तर बिर्र झाले. पुढच्या दोन आठवड्यांत शंभराच्या वर गेले. सेठबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्याने एकही बिर्र बुडवला नाही. बिर्रच बुडाला.

भटूभाऊ आले ते दारातच उभे राहिले. जिंकल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. म्हणाले, "वहिनी, ह्या वेळी खोटा ठरलो असतो तर चाललं असतं."

"बसा," मी म्हटलं.

सेठने योगेंद्रपुढे नवीन करार ठेवला. आणखी दोन वर्षं, आणि आता पगार डॉलरमध्ये, महिन्याच्या महिन्याला घरी. नाहीतर जमा घे, आजच्या भावाने, आणि जा. योगेंद्रने हे फोनवर सांगितलं. दिंडोलीच्या चार मागांतले आता जेमतेम दोन येणार होते.

मी तोंड उघडणार होते. ये म्हणणार होते. दोन मागांवर चालवू, एकावर चालवू, तू ये. तेवढ्यात रंजनाने फोन घेतला. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी सगळ्यांसमोर एकदाही बोलली नव्हती.

"सही करा," ती म्हणाली.

तो काहीतरी बोलला, आम्हाला ऐकू आलं नाही.

"नाही, मी रागाने नाही म्हणत. लॉकडाउनमध्ये तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात ते मी बघितलंय. अर्ध्या पैशाने आलात तर पुन्हा तसेच बसाल. मला तसे नकोत. दोन वर्षांनी या, पण चार माग घेऊन या." मग म्हणाली, "आत्याबाईंना मी सांभाळते." आत्याबाई म्हणजे मी.

फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. मला तिचा राग आला होता आणि ती बरोबर होती.

कानबाई झाली. योगेंद्रच्या मुठीच्या पिठाचा रोट भाऊबंदांनी वाटून खाल्ला. पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो, संपला.

सप्टेंबरात पहिला पगार आला. स्वातीने फोनमध्ये बघितलं आणि म्हणाली, "आजी, मजा बघ. आता पप्पांना डॉलर मिळतो. आपला रुपया जितका खाली, तितके आपल्याला जास्त. असाच घसरत राहिला तर दोनऐवजी दीड वर्षात माग येतील."

"आपलं सरकार पाडणार आहे का?" मी विचारलं.

"आता असं एका रात्रीत नाही पाडत, आजी. हळूहळू सरकतो. रिझर्व्ह बँक धरून ठेवते, कधी सैल सोडते."

त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळी चहाबरोबर रुपया बघतात. खाली गेला की रंजना एक बिस्कीट जास्त घेते. वर आला की स्वाती म्हणते, "थशे, थशे, उद्या पडेल." बातम्यांमध्ये ते चष्मेवाले रुपया घसरल्याची चिंता करत असतात आणि आम्ही तिघी एकमेकींकडे बघतो. मला मात्र रात्री झोप लागत नाही. होप पुलावर माझा नवरा ज्या गोष्टीने गप्प झाला होता, तीच गोष्ट मी आता मनात मागते आहे. देवापुढे बसते तेव्हा योगेंद्र लवकर यावा एवढंच म्हणते. कसा, ते म्हणत नाही. देवीला काय कळत नाही का?

भटूभाऊंचा नातू बुलेट घ्यायची म्हणतो, त्यांनी सांगितलं की पेट्रोल महाग होणार. माझी रक्तदाबाची गोळी महाग झाली. रंजनाला खडे महाग झाले म्हणून दलाल साडीमागे कमी देतो. हे सगळं रुपयामुळेच असतं असं स्वाती म्हणत नाही, पण थोडं असतं म्हणते. एका हाताने येतं ते दुसऱ्या हाताने जातं, आणि कोणत्या हातात जास्त आहे ते कुणी सांगू शकत नाही.

परवा कोपऱ्यावरच्या दुकानात सरकीच्या तेलाची, कपासियाची, पिशवी घ्यायला गेले. दुकानदार भिलवाड्याकडचा, आमच्या गल्लीत वीस वर्षं आहे. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली आणि नवा भाव सांगितला. मी म्हटलं, गेल्या आठवड्यात तर कमी होता.

"क्या करें, मासी," तो म्हणाला. "डॉलर चढ़ गया. पामतेल बाहर से आता है. वो चढ़ा तो कपासिया भी उसके पीछे."

"कितना चढ़ा?" मी विचारलं.

मी जरा घाईनेच विचारलं असेल. काउंटरला धरून पुढे वाकले होते. त्याने माझ्याकडे बघितलं, माझा हात बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, म्हातारी घाबरली.

"टेन्शन मत लो, मासी," तो म्हणाला. "आप पुराने भाव में ले जाओ."

त्याने पिशवी माझ्या थैलीत घातली. मी नको म्हटलं नाही.